वादळात पडलेलं झाड तोडताना: आमच्या टोळीचे नियम

आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटली की आमच्याकडे दुपारनंतर आभाळाचा भरवसा नसतो. दिवसभर 43-44 अंशांत भाजलेल्या रानावर संध्याकाळी वारा-वावधन सुटतं, अर्धा-पाऊण तास धुमाकूळ घालतं आणि निघून जातं. मग फोन सुरू होतात. कुणाचा निंब गोठ्यावर आलाय, कुणाची बाभूळ शेतरस्त्यात आडवी, कुठे शाळेच्या भिंतीवर गुलमोहर. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात मी झाडतोडीची टोळी चालवतो. कटर मशीन (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत), ट्रॅक्टर, दोर, साखळ्या आणि पाच-सहा गडी. वडिलांचंही हेच काम होतं. त्यांच्या वेळी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत होती.

हे टोळीवाल्यांसाठी जेवढं लिहितोय तेवढंच शेतकऱ्यांसाठी. कारण वादळानंतर झाडाला पहिला हात घालतो तो शेतकरी आणि त्याचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आखाजीलाच नवा सालदार लागलेला असतो. शेतावरून तार कुठून कुठे जाते हेसुद्धा त्याला धड माहीत नसतं, आणि पंधरा दिवसांत त्याच्या हातात कुऱ्हाड येते.

उभं झाड पाडणं वेगळं आणि पडलेलं झाड तोडणं वेगळं. उभ्या झाडाचं वजन सरळ जमिनीत जातं, ते कुठे पडणार हे आपण ठरवतो. वादळाने पाडलेल्या झाडाचं वजन मात्र कुठेतरी अडकून बसलेलं असतं: वाकलेल्या फांदीत, पिळलेल्या खोडात, अर्ध्या उपटलेल्या मुळांत, नाहीतर शेजारच्या झाडाच्या खांद्यावर. आपण कापतो तेव्हा तो अडकलेला जोर सुटतो. माणसं जखमी होतात ती बहुतेक त्या सुटण्याच्या क्षणी, आणि तो क्षण डोळ्याची पापणी लवण्याइतकाच असतो. म्हणून आमच्या टोळीत मशीनची दोरी ओढण्याआधी सगळ्यांनी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारायची, हात मोकळे ठेवून, आणि प्रत्येकाने सांगायचं की वजन कुठे आहे आणि सुटलं तर कुठे जाईल. दोघांची उत्तरं वेगळी आली तर काम सुरू होत नाही.

आधी तार

पहिलं वर बघायचं, मग आजूबाजूला, मग झाडाकडे. पडलेल्या झाडाच्या फांद्यांत तार गुंतलेली असते आणि पानांमुळे ती दिसतच नाही. मालक हमखास म्हणतो, "आप्पा, लाईट रातपाईन गयेल शे. काही व्हस नही." म्हणजे लाईट रात्रीपासून गेलीय, काही होत नाही.

घरातली लाईट जाणं आणि लाईन बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीची थ्री फेज तिच्या पाळीप्रमाणे येते. रात्री नसलेली लाईन सकाळी बरोबर वेळेवर चालू होते. एखादा फ्यूज उडाला तरी बाकीच्या तारांत करंट असू शकतो. कुणी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तर त्याच्याकडूनही तारेत करंट उलटा येतो. आणि 11 हजार व्होल्टची लाईन तुटून जमिनीवर पडली तरी ती दर वेळी ट्रिप होतेच असं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, तार मेलेल्या सापासारखी पडलेली असते, आणि ओली जमीन आजूबाजूने भारलेली असते.

त्यामुळे तार पडलेली दिसली तर निदान दहा मीटर लांब थांबा, जनावरं आणि पोरं हटवा, 1912 ला महावितरणला कळवा. चुकून जवळ गेलाच असाल तर टांगा टाकत पळू नका. दोन पावलांत जितकं अंतर जास्त तितका पायातून करंट जास्त जातो. पाय जमिनीवरून न उचलता, एकमेकांना चिकटवून, घासत घासत मागे सरका. ओलं झाड करंट वाहून नेतं, तेव्हा तारेला टेकलेल्या झाडाचा बुंधासुद्धा तारच समजा. वाळक्या काठीने तार उचलायचा उद्योग तर कधीच नको, 11 हजाराला ती काठी अडवत नाही.

वायरमन आल्यावर त्याने डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) किंवा सबस्टेशनमधून लाईन बंद करून घेतली पाहिजे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंनी तारा जमिनीला जोडून अर्थ केल्या पाहिजेत. "बंद केली" असं फोनवर ऐकून मी काम सुरू करत नाही. वायरमन जागेवर उभा पाहिजे, त्याने स्वतः सांगितलं पाहिजे, आणि आम्ही मोकळे होईपर्यंत तो तिथून हलता कामा नये. यात दोन तास जातात, कधी अर्धा दिवस. रस्त्यात अडकलेले लोक हॉर्न वाजवतात, सरपंचाचा फोन येतो. येऊ द्यावा.

झाड वाचायचं कसं

गेल्या हंगामात एका गावाबाहेर बांधावरचा जुना निंब गोठ्यावर आडवा झाला होता. बांधाच्या कडेने पाईपलाईनची चारी खोदली होती, तेव्हा त्या बाजूच्या मुळ्या तुटलेल्या. वरची काळी माती पावसाने सैल झाली आणि वाऱ्याने एका हिसक्यात झाड उपटलं. मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिला होता, माणसापेक्षा उंच, आणि त्याच्या मागे खड्डा. त्या खड्ड्यात दोन पोरं उतरून खेळत होती.

पोरांना आधी बाहेर काढलं. तो गड्डा उभा राहतो खोडाच्या वजनाने. खोड कापून वजन सुटलं की गड्डा परत आपल्या खड्ड्यात बसतो, आणि बसताना तिथे कोण आहे हे पाहत नाही. आम्ही गड्ड्याला साखळी घालून ट्रॅक्टरला ताणून बांधलं. मुळांपासून पाच-सहा फुटांचा बुंधा शिल्लक ठेवून काप घेतला. तेवढा तुकडा ठेवायचा, म्हणजे गड्डा उलट्या बाजूला कलंडला तरी बुंधा टेकू देतो. शेवटचं इंचभर लाकूड राहिलं तेव्हा काडकन आवाज झाला, साखळी करकरली आणि बुंध्याचा तुकडा जमिनीवरून उठून तिरपा उभा राहिला. साखळी नसती तर तो सरळ उभा झाला असता. मालक ओट्यावर बसून बघत होता, तो उठून पोरांना घरात घेऊन गेला.

गोठ्यावरचं खोड हे दुसरं गणित. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल आणि मधे अधांतरी, तर वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि मशीनची पट्टी (जिच्यावर साखळी फिरते ती) आत आवळून बसते. मग गडी मशीन ओढायला वाकतो, आणि नेमकं तेव्हाच खोड तुटतं. म्हणून आधी दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, साधारण एक तृतीयांश कापायचं. मग ताणाच्या बाजूने, म्हणजे खालून, वरच्या कापाला भेटायला यायचं. एकच टोक टेकलेलं असेल आणि दुसरं हवेत, तर सगळं उलटं: ताण वर, दाब खाली. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हे उलटसुलट झालं तर फांदी उभी चिरत जाते.

खोड आडव्या अंगाने वाकलेलं असेल, दोन झाडांच्या मधे अडकून धनुकली झालेली असेल, तर पोटाच्या बाजूला, म्हणजे आतल्या, दाबाच्या बाजूला उभं राहायचं. पाठीच्या बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर ते येतं.

नव्या गड्याला मी एक सवय लावतो. कापताना नजर पट्टीच्या टोकावर नको, कापावर पाहिजे. काप मिटायला लागला की पट्टी बाहेर काढायची. काप उघडायला लागला की वजन सुटतंय, पाय मागे घ्यायला तयार. लाकूड आधी सांगतं, पण मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नाही, डोळ्यानेच बघावं लागतं.

सगळ्यात फसवी असते ती मोठ्या झाडाखाली दबलेली बारीक बाभूळ किंवा सुबाभूळ. मनगटाएवढी फांदी, तिला कोण भितो? शेंडा खोडाखाली दाबलेला, मधला भाग वाकून कमान झालेली. कोयत्याचा एक घाव बसला की ती गोफणीसारखी सुटते, आणि माणूस वाकलेला असल्याने घाव तोंडावर किंवा गळ्यावर येतो. अशी फांदी शक्यतो तोडायचीच नाही. वरचं मोठं खोड ट्रॅक्टरने उचललं की तिचा ताण आपोआप जातो. तोडायचीच झाली तर कमानीच्या आतल्या अंगाने थोडं थोडं तासत जायचं, म्हणजे जोर हळूहळू उतरतो, आणि उभं राहायचं ते कडेला. कमानीच्या वर ओणवं व्हायचं नाही, टोकाच्या रेषेत तर नाहीच.

एक झाड दुसऱ्या झाडावर रेललेलं असेल तर त्याच्याखालून माणूस जाणार नाही, हा आमच्या टोळीतला न मोडायचा नियम. त्यावर चढायचं नाही. ज्या झाडावर ते रेललंय ते कापायचं नाही. लांब दोर किंवा साखळी बुंध्याला बांधून ट्रॅक्टरने मागे ओढायचं. दोर झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा, आणि ओढताना दोराजवळ कुणी नको. ताणलेला दोर तुटला की हाडं मोडतो. ट्रॅक्टरला हिसका न देता सावकाश ओढ द्यायची, दोर नेहमी खालच्या हुकाला, वर बांधला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात.

अर्धवट झुकलेली निलगिरी किंवा सुबाभूळ मागून सरळ कापली की अर्ध्यात उभी चिरते. मागचा अर्धा भाग वर उसळतो आणि मशीनवाल्याच्या छातीवर येतो. असं झाड आम्ही मशीनने पाडतच नाही, क्रेन मिळेपर्यंत दोरी लावून जागा बंद करतो. पैसे कमी-जास्त होतील, ते बोलून घेता येतं.

आणि वर लटकलेली मोडकी फांदी. खालून काम चाललेलं असतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा वारा उठतो आणि ती खाली येते. वारा सुटला की आम्ही हत्यारं खाली ठेवतो. विजा कडाडत असतील तर प्रश्नच नाही.

मशीन

कटर मशीन दोन्ही हातांनीच धरायचं, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीखाली वळलेला. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून सरळ तोंडाकडे येतं. पडलेल्या झाडात फांद्यांची गर्दी असते, मागची फांदी टोकाला कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून वादळाच्या कामात ही उसळी जास्त. पुढे चेन ब्रेक असतो, उसळी आली की साखळी थांबवणारा. काम सुरू करण्याआधी तो लागतो का ते रोज बघा. गंजलेला, अडकलेला ब्रेक असलेलं मशीन घरी ठेवा.

खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर उभं राहून चालवायचं नाही: फांदी तुटली की बुंधा वर उसळतो, शिडी सरकते, आणि चालू मशीन हातात राहतं. चालू मशीन घेऊन पडलेल्या खोडावरून चालायचं नाही, सालीवर पाय सटकतो. पेट्रोल भरताना मशीन थंड होऊ द्या, भरून झालं की तिथून निदान दहा फूट बाजूला नेऊनच चालू करा. मे महिन्यात खाली वाळकं गवत असतं, आणि आसपास विडीही नको.

कपड्यांचं बोलतो, कारण इथेच सगळे कानाडोळा करतात. गळ्यातला रुमाल काढून ठेवायचा. आमच्याकडे उन्हामुळे रुमाल अंगाचाच भाग झालाय, पण साखळीत त्याचं टोक गेलं तर मान ओढली जाते. डोक्याला बांधायचा तर टोकं खोचून, वरून हेल्मेट. चप्पल चालणार नाही, घोट्यापर्यंत पाय झाकणारा बूट पाहिजे. डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांत बोळे. हे मशीन शंभर डेसिबलच्या वर आवाज करतं आणि जुन्या गड्यांना म्हातारपणाआधीच ऐकू येईनासं होतं. मशीनवाल्यासाठी खास पँट मिळते. तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की धागे बाहेर ओढले जातात, चाकात गुंडाळतात आणि साखळी जाग्यावर थांबते. महाग आहे. मांडीतली मोठी शीर तुटली तर माणूस काही मिनिटांत हातचा जातो, हे डोळ्यासमोर ठेवून मी ती घेतली.

मशीनवाला एकटा कधीच नको. दुसरा गडी त्याच्या नजरेच्या टप्प्यात, पण निदान दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या अंतरावर. झाड उभं पाडायचं असेल तर बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब राहायचं.

मधमाश्या, साप आणि ऊन

मोठ्या पिंपळावर, वडावर आग्यामोहोळ असतं, आणि झाड पडल्यावर त्या माश्या आधीच चवताळलेल्या असतात. मशीनच्या आवाजाने त्या उठतात. पोळं दिसलं तर त्या दिवशी काम नाही. हल्ला झालाच तर हात हलवत मारत बसू नका, तोंड झाकून जितकं लांब पळता येईल तितकं पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. ज्याला श्वास लागतो, ओठ-जीभ सुजते, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

ढोलीत आणि उपटलेल्या मुळांच्या खड्ड्यात नाग, घोणस, मण्यार बसलेले असतात. हात घालण्याआधी पहारीने हलवून बघा. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. मंत्राकडे नेण्यात जो वेळ जातो, तोच वेळ माणसाचा असतो.

काम पहाटे सुरू करा, अकराच्या आत बंद करा. बूट-हेल्मेट घालून मेच्या उन्हात माणूस लवकर तापतो, आणि तापलेल्या माणसाच्या हाताचा नेम चुकतो. गडी बोलायचा थांबला, घाम यायचा थांबला, बरळायला लागला, तर तो थकलेला नाही, त्याला ऊन लागलंय. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा.

ओंडके ट्रॉलीत भरताना बोटं चेचतात आणि पाठी जातात. गोल ओंडक्याला खालच्या बाजूने कधी उभं राहू नका, आणि दगडाची उटी लावल्याशिवाय तो सोडू नका.

इजा झालीच तर

टोळीत कोणाच्या खिशात कोणता फोन चालतो, कुठे रेंज मिळते, गाडीची चावी कोणाकडे, हे सकाळीच ठरलेलं असावं. शेतात पत्ता सांगणं अवघड जातं, म्हणून शिवाराचं नाव आणि जवळचं देऊळ किंवा फाटा आधीच पाठ करून ठेवा. 108 वाला तेच विचारतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं. हळद, माती, तंबाखू, डिझेल यातलं काहीही जखमेत नको. हाता-पायातून रक्त चिळकांडीने उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या अंगाला (जखमेवर नाही, धडाच्या बाजूला) चार बोटं रुंद पट्टी घट्ट आवळा, काडी घालून पिळा, किती वाजता बांधली ते लिहा, आणि डॉक्टरशिवाय सोडू नका. तारेने किंवा सुतळीने आवळू नका. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात घालायचं नाही.

अंगावर झाड पडलं किंवा कुणी उंचावरून पडलं, तर हात-पाय धरून जीपमध्ये टाकायची घाई नको. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यानेच माणूस कायमचा अधू होतो. मान सरळ धरून 108 ची वाट बघा. पाय ओंडक्याखाली अडकला असेल तर किती वाजल्यापासून अडकलाय ते लक्षात ठेवून डॉक्टरला सांगा. बराच वेळ दबलेला पाय मोकळा झाला की त्याचं विष रक्तात उतरतं, आणि डॉक्टरला तयारी करावी लागते.

शॉक लागलेल्याला लाईन बंद झाल्याशिवाय हात लावू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबत राहा, थकलात तर दुसऱ्याने घ्या. जखम छोटी असली तरी धनुर्वाताची सुई त्याच दिवशी.

कागद

काम सुरू करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. नुकसानीचा पंचनामा तलाठ्याने करायचा असेल तर त्याला आधी कळवा, नाहीतर मालक झाड हलवू देत नाही आणि मग अंधारात घाईने काम करायला लावतो.

गड्यांची नावं, तारीख, जागा, मजुरी वहीत रोज लिहा. कामावर इजा झालेल्याला भरपाई देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर असते, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय. पण गडी त्या दिवशी कामावर होता याचा कागदच नसेल तर त्याची बायको कुणाकडे दाद मागणार? शेतकरी स्वतः किंवा त्याच्या घरातला माणूस जखमी झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे, दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो, आणि दुःखात ते दिवस कसे सरतात कळत नाही. म्हणून दवाखान्यात भरती करतानाच केसपेपरवर इजा कशी झाली ते नीट लिहून घ्या. "पडून लागलं" एवढंच नको. "वादळात पडलेलं झाड तोडताना, अमुक शिवारात" असं पूर्ण लिहून घ्या, आणि त्या कागदाची झेरॉक्स मुकादमाकडेही ठेवा.